लांबचं आधी, राजधानी शेवटी

उझबेकिस्तानला जायचं ठरवून कोल्हापुरात चौकशीला सुरुवात केली, तेव्हा राजारामपुरीपासून शाहूपुरीपर्यंत जिथे जिथे बसलो तिथे थोड्याफार फरकाने एकच कागद हातात आला. मुक्काम सगळा ताश्कंदला. एक दिवस ताश्कंदचं शहरदर्शन, एक दिवस चिमगानच्या डोंगरात रोपवे आणि चारवाकचा तलाव, आणि एक दिवस पहाटेच्या रेल्वेने समरकंदला जाऊन रात्री झोपायला परत ताश्कंदला. बुखाऱ्याचं नाव कुठेच नाही. एका ऑफिसातल्या मुलाने सरळ सांगितलं, "ताई, समरकंद एका दिवसात होतंय की. रोज बॅगा भरायच्या, हॉटेल बदलायचं, लोकांना नको वाटतंय ते." त्याचंही बरोबर होतं. मोठा गट न्यायचा तर एकाच हॉटेलात राहणं सोयीचं पडतं. पण आम्ही तिघंच होतो, आणि मला मुळात जायचं होतं ते समरकंदसाठी.

मी हायस्कूलला भूगोल शिकवते. दर नोव्हेंबरात ९, १० आणि ११ तारखेला अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर येतात. हेच पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला होतं. वर्गात कुणी ना कुणी विचारतंच, वर्षातून दोनदाच का? मग मी फळ्यावर २२ डिसेंबर मधे मांडते आणि दोन्ही बाजूंनी दिवस मोजायला लावते. अंतर जवळपास सारखं निघतं. सूर्य दक्षिणेकडे जाताना ज्या जागी मावळतो, परतताना पुन्हा त्याच जागी मावळतो, हे मुलांना स्वतः मोजल्यावर पटतं. आणि मग मी त्यांना उलुघबेगाची गोष्ट सांगते. तैमूरचा हा नातू राज्य करता करता आकाश मोजत होता. १४२० च्या दशकात त्याने समरकंदच्या टेकडीवर वेधशाळा उभारली, तिच्यात सुमारे ४० मीटर त्रिज्येची दगडी कमान होती. वरच्या झरोक्यातून आलेलं माध्यान्हीचं ऊन त्या कमानीवर पडायचं आणि कुठल्या अंशाच्या खुणेवर पडलं ते टिपून ठेवायचे. दुर्बीण नव्हती, तरी त्यांनी काढलेल्या नाक्षत्र वर्षाच्या, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या वर्षाच्या, लांबीत आजच्या मोजमापाशी जेमतेम एका मिनिटाचा फरक आहे. १०१८ ताऱ्यांची यादी वेगळीच. आपल्याकडे सवाई जयसिंगाने जंतरमंतर बांधली, तेव्हा त्याच्यासमोर हेच काम होतं.

इतकी वर्षं सांगत आलेली गोष्ट डोळ्यांनी बघायला जायचं आणि तिथे घड्याळाकडे बघत रेल्वे पकडायला पळायचं, हे मला मान्य नव्हतं. म्हणून आखणी स्वतःच करायची ठरली.

तिसरं माणूस म्हणजे माझी आत्ती, वडिलांची धाकटी बहीण. सत्तरी ओलांडलेली, गुडघे जरा कुरकुरतात, पण जोतिबाच्या खेट्यांना अजून जाते. आमचं बोलणं तिच्या कानावर गेलं आणि ती म्हणाली, "ताश्कंद म्हणजे शास्त्रीजी गेले ते गाव न्हवं? मग मी बी येतो." १९६५ च्या युद्धात आणि धान्याच्या टंचाईत शास्त्रीजींनी आठवड्यातलं एक जेवण सोडायला सांगितलं होतं. आत्ती तेव्हा शाळेत होती. आमच्या घरी सोमवारी रात्री चूल पेटायची नाही, हे ती आजही सांगते. १० जानेवारी १९६६ ला ताश्कंदचा करार झाला आणि त्याच रात्री, ११ तारीख लागल्यावर, शास्त्रीजी तिथेच गेले. त्यामुळे राजधानी वगळून चालणार नव्हतं. प्रश्न एवढाच होता की तिला किती वेळ द्यायचा.

आधी तारखा. उझबेकिस्तानात उन्हाळा कडक, जुलैत पारा चाळिशी गाठतो. जानेवारीत शून्याखाली जातो. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे तिथले खरे फिरायचे महिने. पण एप्रिलमध्ये परीक्षा आणि पेपर तपासणी, सप्टेंबरात गणपती, आणि नवरात्रात अंबाबाई सोडून परदेशी जायचं हे आत्तीसमोर बोलायचीही सोय नव्हती. त्यात शाही दसरा. उरली दिवाळीची सुट्टी. भाऊबीज ओवाळून झाली की निघायचं असं ठरलं. थंडी वाढलेली असणार आणि संध्याकाळी पाचनंतर अंधारायला लागणार, हे धरून बाहेरच्या जागा सकाळी आणि संग्रहालयं, बाजार दुपारनंतर अशी मांडणी केली. स्वेटर भरपूर घेतले.

मग क्रम. माझ्या मते छोट्या सहलीत सगळ्यात जास्त डोकं इथे लावायला हवं. नकाशा समोर घेतला तर ताश्कंद, समरकंद, बुखारा आणि खिवा ही माळ ईशान्येकडून पश्चिमेकडे जाते, आणि विमान उतरतं ताश्कंदला. सहज सुचतं ते असं, की आधी ताश्कंद बघावं, मग समरकंद, मग बुखारा आणि शेवटी धावत परत. माझ्या नवऱ्याने हे उलटं केलं. तो म्हणाला, उतरलो की थेट लांबच्या टोकाला जाऊ आणि मग राजधानीकडे सरकत येऊ. परतीच्या आदल्या दिवशी आपण विमानतळाच्या गावात असू. मधे एखादी गाडी चुकली, आत्तीला बरं वाटेनासं झालं, तर ताश्कंदचा दिवस खर्ची घालता येईल. राजधानी शेवटी ठेवली की ती आपोआप राखीव दिवस होते. हे मला इतकं पटलं की पुढचं सगळं त्याच्यावरच उभं केलं.

खिव्यावर मात्र काट मारावी लागली. बुखाऱ्याच्या पुढे वाळवंटातून चारशेपेक्षा जास्त किलोमीटर, आणि आमच्या हातात आठवड्याच्या आतबाहेरचा वेळ. तटबंदीच्या आतलं ते आख्खं जुनं गाव चित्रात बघून आत्ती हळहळली. पण चार गावांना रात्र-रात्र देण्यापेक्षा दोन गावं नीट बघावीत यावर आमचं एकमत झालं. ताश्कंदला एक रात्र, उरलेल्या समरकंद आणि बुखाऱ्याला वाटून.

कागदपत्रांत फक्त आत्तीच्या पासपोर्टला वेळ गेला. तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं. दोन्ही जोडणारा विवाह नोंदणीचा दाखला नव्हता, तो आधी काढला. टपाल खात्याच्या इमारतीतल्या पासपोर्ट सेवा केंद्रात वेळ घेऊन गेलो, साठीच्या पुढच्यांना फीमध्ये दहा टक्के सवलत मिळते ती मिळाली. पोलीस पडताळणीला आलेल्या हवालदाराने "आज्जी, एकट्या न्हाई न्हवं जाणार?" असं विचारून चहा घेतला. व्हिसा त्यामानाने सोपा. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो, एकदाच प्रवेशाचा आणि ३० दिवस मुक्कामाचा घेतला तर फी २० डॉलर. पासपोर्टचं पान आणि फोटो चढवायचा, कामकाजाच्या तीनेक दिवसांत ईमेलवर येतो. अर्ज सरकारी संकेतस्थळावरूनच करावा. तशीच दिसणारी दुसरी पानं शोधात वर येतात आणि त्याच कामाचे दुप्पट-तिप्पट पैसे मागतात.

खरी धडधड होती ती रेल्वेच्या तिकिटांची. ताश्कंद, समरकंद आणि बुखारा जोडणारी 'अफ्रोसियोब' ही स्पॅनिश बनावटीची वेगवान गाडी २०११ पासून धावते. ताश्कंदहून समरकंदला दोन तासांच्या थोडं वर, समरकंदहून बुखाऱ्याला साधारण दीड तास. जगभरचे पर्यटक तिच्यावरच तुटून पडतात, त्यामुळे जागा भराभर संपतात. आणि विक्री फक्त दीडेक महिना आधी उघडते. म्हणजे विमानाची तिकिटं रेल्वेच्या आधी काढावी लागतात, आणि रेल्वे मिळेल की नाही ते तेव्हा माहीत नसतं. आम्ही विमान काढलं, हॉटेलं रद्द करता येतील अशी धरून ठेवली आणि विक्री उघडायची वाट बघत बसलो. या काळात एक काम आठवणीने करून ठेवलं. आपल्या डेबिट-क्रेडिट कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते सुरू केले आणि मर्यादा वाढवून घेतली. ऐनवेळी पैसे जाईनात म्हणून हातची जागा जाते, असं बऱ्याच जणांकडून ऐकलं होतं.

विक्री उघडली त्या सकाळी बुखारा-समरकंद आणि समरकंद-ताश्कंद ही दोन्ही तिकिटं अफ्रोसियोबची मिळाली. ताश्कंदहून बुखाऱ्याची आमच्या दिवसाची संपलेली होती. तिथे 'शार्क' नावाची जुनी, सावकाश गाडी घेतली. सहाएक तासांचा प्रवास. आत्तीला घेऊन एवढं बसायचं म्हणून मला काळजी होती. प्रत्यक्षात तो प्रवास तिला सगळ्यात आवडला. वेचणी होऊन गेलेली कापसाची रानं खिडकीतून सरकत होती, आणि समोरच्या बाईने फोडलेलं खरबूज तिने आमच्या हातात दिलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी नातवंडांचे फोटो बघून झाले. तिकिटावर पासपोर्टचा क्रमांक असतो आणि स्टेशनात शिरण्याआधीच तो तपासतात, त्यामुळे अर्धा-पाऊण तास आधी पोचावं.

कोल्हापूर ते दिल्ली हाही आखणीचाच भाग होता. निजामुद्दीनला जाणारी थेट गाडी आठवड्यातून एकदाच, आणि तिच्यात दीड दिवस जातो. महालक्ष्मीने मुंबईला जाऊन विमान धरावं, की रात्रीच्या बसने पुण्याहून? पुण्याचं ठरवलं, पण महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम मनात ठेवून दिल्लीचं विमान दुपारचं घेतलं आणि ताश्कंदचं दुसऱ्या दिवशीचं. दिल्लीच्या रात्रीचा खर्च वाढला. तो मला अजिबात जड वाटला नाही.

पैशांचं सांगायचं तर डॉलर इथूनच घेतले, कोऱ्या, घड्या न पडलेल्या नोटा मागून. एका डॉलरला बारा हजारांच्या आसपास सोम मिळतात, त्यामुळे पहिल्याच बदलीत माणूस लक्षाधीश होतो. नवऱ्याने खिशात चिठ्ठी ठेवली होती, अमुक हजार सोम म्हणजे इतके रुपये. बाजारात ती सारखी लागली. शहरातल्या शहरात फिरायला यांडेक्स नावाचं ॲप तिथे सगळे वापरतात. भाडं आधीच दिसतं, त्यामुळे घासाघीस करावी लागत नाही. हॉटेलवाले परदेशी पाहुण्यांची नोंदणी करून चिठ्ठी देतात, ती प्रत्येक ठिकाणी मागून पासपोर्टात ठेवली.

जेवणाचा विचार आम्ही जाण्याआधीच नीट केला. आम्ही मटण खाणारी माणसं, पण गोमांस नाही. तिथल्या पलोवमध्ये, म्हणजे पुलावात, मटण असतं तसं गोमांसही असतं, आणि वर घोड्याच्या मांसाची काझी नावाची चकती ठेवायची पद्धत आहे. म्हणून 'कोय गोश्ती' म्हणजे मेंढीचं आणि 'मोल गोश्ती' म्हणजे गाई-बैलाचं, एवढं पाठ करून गेलो आणि ऑर्डर देण्याआधी प्रत्येक वेळी विचारलं. कुणाला त्याचं वाईट वाटलं नाही. आत्तीने आधीच सांगून टाकलं होतं की ती मांसाला शिवणार नाही. तिच्या पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि आमची कांदा-लसूण चटणी होती. तिथे तंदुरातून निघालेली गरम गोल नान, दही, टोमॅटो-कांद्याचं पातळ कापलेलं अच्चिक-चुचुक, आणि त्या दिवसांत मिळणारे भोपळ्याचे सामसे. तिचं पोट छान भरलं. पलोव दुपारचा पदार्थ आहे, मोठ्या कढईत एकदाच शिजतो आणि संपला की संपला. रात्री हवा म्हणून भागत नाही.

बुखाऱ्याचं स्टेशन गावात नाही, कागान या शेजारच्या गावात आहे, जुन्या शहरापासून दहा-बारा किलोमीटर. टॅक्सीचा वेळ धरावा लागतो. राहायला लाबी हौजजवळच्या जुन्या व्यापाऱ्याच्या वाड्यात खोली घेतली होती, तळमजल्याची, आत्तीसाठी मुद्दाम लिहून मागितलेली. लाबी हौज म्हणजे १६२० च्या दशकात बांधलेला चौकोनी हौद, पाण्यापर्यंत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, काठाला जुनी तुतीची झाडं. बुखाऱ्यात असे कितीतरी हौद होते, लोक त्यांचंच पाणी पीत. रोगराई पसरते म्हणून सोव्हिएत काळात बहुतेक बंद केले. मला आपली वरुणतीर्थ आणि कपिलतीर्थ आठवली. आज एकाच्या जागी गांधी मैदान आहे, दुसऱ्याच्या जागी भाजी मंडई. आत्ती पायरीवर बसून राहिली आणि आम्ही दोघं कल्याण मिनाराकडे चालत गेलो. ११२७ साली बांधलेला हा पन्नासेक मीटरच्या आतला विटांचा मिनार. जवळ गेल्यावर कळतं की त्याच्यावर रंग जवळपास नाहीच. विटा आडव्या, उभ्या, तिरप्या बसवूनच प्रत्येक पट्ट्याची नक्षी वेगळी केली आहे. आम्ही खालून वर एकेक पट्टा मोजत गेलो आणि मान दुखायला लागली.

समरकंदला राहिल्याचा फायदा पहिल्याच संध्याकाळी कळला. रेगिस्तानच्या चौकात दिवसभर गटांमागून गट येतात, आणि ताश्कंदची परतीची गाडी पकडणारे अंधार पडता पडता निघून जातात. त्यानंतर दिवे लागतात. डावीकडे उलुघबेगाचं मदरसं, १४१७ ते १४२० मधलं. समोर तिल्या-कोरी, उजवीकडे शेर-दोर, ही दोन्ही सतराव्या शतकातली. शेर-दोरच्या दारावर हरणामागे धावणारे वाघासारखे प्राणी आहेत आणि त्यांच्या पाठीवर माणसाचं तोंड असलेला सूर्य. मशिदी-मदरशांवर प्राणी काढत नाहीत असंच आजवर ऐकलेलं, त्यामुळे आम्ही तिथे बराच वेळ उभे होतो. दुसऱ्या सकाळी पुन्हा गेलो, तेव्हा उन्हात त्याच फरशांचा निळा वेगळाच होता. बीबी खानूमच्या मशिदीपर्यंत विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या मिळतात, गुडघे दुखणाऱ्यांनी नक्की घ्याव्यात. शाहे-जिंदा या जुन्या कबरींच्या जागेला मात्र पायऱ्याच आहेत, चढण उभी. चढताना आणि उतरताना मोजलेल्या पायऱ्या सारख्या भरल्या तर इच्छा पुरी होते असं तिथे मानतात. आत्तीने काठी टेकत मोजल्या, दोन्ही वेळा. आकडा सारखा आला का ते तिने आम्हाला सांगितलं नाही.

वेधशाळेसाठी आख्खी सकाळ मोकळी ठेवली होती. १४४९ साली उलुघबेगाचा खून झाला, त्यात त्याच्या मुलाचाच हात होता, आणि नंतर वेधशाळा पाडली गेली. १९०८ साली व्यात्किन या पुरातत्त्वज्ञाने ती जागा शोधून काढली. वरचं काही उरलेलं नाही. टेकडी खोदून बसवलेला कमानीचा खालचा भाग तेवढा आहे, त्याच्यावर आता छप्पर घातलं आहे. आत वाकून बघितलं तर संगमरवरी दोन समांतर कडा काळोखात उतरत जातात, मधे पायऱ्या आणि कडांवर अंशांच्या खुणा. मी वर्गात हाताने हवेत काढून दाखवत आले ती कमान. मोबाइलच्या उजेडात खुणांचा फोटो काढला, पुन्हा काढला, नवरा म्हणाला आता पुरे, तरी काढला. पहारेकरी बाईने माझ्याकडे बघून मान डोलावली. पुढच्या किरणोत्सवाच्या आधी हा फोटो वर्गात मोठा करून लावायचा हे तिथेच ठरलं.

ताश्कंदला उरलेला दिवस पुरला. शास्त्रीजींच्या नावाचा रस्ता आहे आणि तिथे त्यांचा अर्धपुतळा. आत्तीने जवळच्या बाजारातून फुलं घेतली होती, ती वाहिली आणि "जय जवान, जय किसान" म्हणाली, चांगलं मोठ्याने. नंतर मेट्रोने कोस्मोनावत्लार स्टेशनला गेलो. निळ्या भिंतींवर अंतराळवीरांची गोल चित्रं आहेत, गागारिन, तेरेश्कोवा, आणि त्यांच्याच रांगेत उलुघबेग. राजधानीतलं हे एक ठिकाण मी कुणालाही चुकवू देणार नाही.

आता ओळखीपाळखीचे लोक आमचा तक्ता मागतात. देताना मी त्यात एक बदल करून देते, बुखाऱ्याला एक रात्र वाढवून. आणि आत्तीने खिव्याचा विषय सोडलेला नाही. त्याचीही जुळणी सुरू आहे. ताश्कंदला उतरून देशांतर्गत विमानाने उर्गेंचला जायचं, तिथून खिवा तीसेक किलोमीटर. मग रेल्वेने बुखारा, समरकंद आणि शेवटी ताश्कंद. पुन्हा लांबचं आधी. दिवस तेवढे जास्त लागतील, म्हणून यावेळी मे महिन्याच्या सुट्टीचा विचार आहे. आत्तीचं म्हणणं एवढंच, की आंबे संपायच्या आत परत आणा.